आशय-व्यवस्थापन प्रणाली : विकास व निवड

आशय-व्यवस्थापन प्रणाली : संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे व इतर सामग्री यांची निर्मिती, संपादन, साठवण आणि प्रकाशन करण्यासाठी वापरण्यात येणारी संगणकीय आज्ञावली. अशा प्रणालीत सामान्यतः तीन घटक असतात : आशय साठविणारा माहितीसंग्रह, त्या आशयाला पृष्ठाचे रूप देणारे साचे आणि कोणी काय लिहावे, तपासावे व प्रसिद्ध करावे हे ठरविणारी अधिकारव्यवस्था. वाचकाने पृष्ठ मागितले की, प्रणाली संग्रहातून आशय काढते, साच्यात बसविते आणि तयार पृष्ठ वाचकाच्या ब्राउझरकडे पाठविते. त्यामुळे संगणकाची आज्ञाभाषा न जाणणारा लेखक वा लिपिकही संकेतस्थळ चालवू शकतो.

नवे संकेतस्थळ उभारताना कोणती प्रणाली घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता सोयींच्या तुलनेचा वाटतो. या प्रणालींच्या सुमारे तीस वर्षांच्या इतिहासावरून मात्र निराळाच निष्कर्ष निघतो. संकेतस्थळांचे मोठे नुकसान झाले, ते एखादी सोय नसल्यामुळे क्वचितच. बहुधा ते प्रणालीचा निर्माता थांबल्यामुळे, परवान्याच्या अटी बदलल्यामुळे, देखभाल न झाल्यामुळे किंवा साठविलेला आशय बाहेर काढता न आल्यामुळे झाले. म्हणून निवडीचा विचार हा प्रणालीत प्रवेश कसा करावा, याइतकाच तिच्यातून बाहेर कसे पडता येईल, याचाही विचार ठरतो.

पूर्वपीठिका : आशय आणि त्याचे दृश्य रूप यांना वेगळे ठेवावे, ही कल्पना संकेतस्थळांपेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांचे सहकारी यांनी १९६९ च्या सुमारास दस्तऐवजांच्या भागांना त्यांच्या कार्यानुसार खुणा करणारी भाषा तयार केली. शीर्षक कोणत्या ठशात छापावे हे मजकुरात न लिहिता, ‘हे शीर्षक आहे’ एवढेच नोंदवावे, हे तिचे तत्त्व. त्यातून विकसित झालेल्या एसजीएमएल या भाषेस १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये विश्वव्यापी जाळ्याची योजना मांडली व पृष्ठरचनेसाठी एचटीएमएल ही भाषा एसजीएमएलच्या धर्तीवर बनविली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या जाळ्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर संकेतस्थळांची संख्या झपाट्याने वाढली. आरंभीची पृष्ठे हाताने लिहिलेली, स्वतंत्र संचिकांच्या रूपातील असत. दहावीस पृष्ठांच्या स्थळास ही पद्धत पुरेशी होती. परंतु पृष्ठे शेकड्यांनी वाढली की, सर्व पृष्ठांवर येणारी एखादी ओळ बदलण्यासाठीही प्रत्येक संचिका उघडावी लागे. शिवाय आज्ञाभाषा जाणणाऱ्या एकट्या माणसाकडे सारा मजकूर जाऊन पडे आणि लेखन तयार असूनही प्रकाशन अडून राही. या अडचणीतून आशय-व्यवस्थापन प्रणालींचा उगम झाला. १९९३ मध्ये प्रचारात आलेल्या सीजीआय या संकेतामुळे सर्व्हरला मागणीनुसार पृष्ठ तयार करणे शक्य झाले आणि या प्रणालींचा तांत्रिक मार्ग मोकळा झाला.

व्यापारी प्रणाली : रोज नवा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांना ही गरज प्रथम जाणवली. अमेरिकेतील सीनेट या वृत्तसंस्थेने आपल्या उपयोगासाठी तयार केलेल्या तंत्राच्या आधारे टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील व्हिन्येट या कंपनीने ‘स्टोरीसर्व्हर’ ही प्रणाली बाजारात आणली. याच सुमारास इंटरवोव्हन इत्यादी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. या प्रणाली महाग असत व त्यांच्या उभारणीसाठी तज्ञांचे स्वतंत्र पथक लागे. साहजिकच त्यांचा प्रसार मोठ्या वृत्तसंस्था, बँका व उद्योगसमूह यांपुरता राहिला. २००९ मध्ये व्हिन्येट ही ओपनटेक्स्टकडे, तर इंटरवोव्हन ही ऑटोनॉमीकडे गेली. व्यापारी प्रणालीत मूळ संहिता विक्रेत्याच्याच हाती असल्याने, कंपनीची मालकी बदलली की उत्पादनाचे भवितव्य नव्या मालकाच्या धोरणावर अवलंबून राहते आणि ग्राहकाला त्यात फारसा वाव नसतो. ही गोष्ट अशा घडामोडींतून स्पष्ट झाली.

मुक्त प्रणालींचा उदय : १९९५ च्या आसपास तीन साधने जवळजवळ एकाच वेळी उपलब्ध झाली : अपाचे हा सर्व्हर, मायएसक्यूएल हा माहितीसंग्रह आणि रास्मुस लेरडॉर्फ यांनी प्रसिद्ध केलेली पीएचपी ही आज्ञाभाषा. लिनक्स या परिचालन प्रणालीच्या जोडीने त्यांच्यावर अल्प खर्चात संकेतस्थळ चालविता येऊ लागले. भाड्याने जागा देणाऱ्या साध्या सेवांवरही ही साधने मिळत असल्याने विद्यार्थी व हौशी आज्ञावलीकार यांनाही स्वतःच्या प्रणाली लिहिणे शक्य झाले.

डेन्मार्कमध्ये कास्पर स्कोरहॉय यांनी विकसित केलेली टायपोथ्री ही प्रणाली २००० च्या सुमारास मुक्त झाली व विशेषतः जर्मन भाषिक प्रदेशात रूढ झाली. बेल्जियममधील अँटवर्प येथे शिकत असलेले ड्रीस बाउटार्ट यांनी आपल्या सहविद्यार्थ्यांच्या परस्पर संपर्कासाठी केलेली आज्ञावली जानेवारी २००१ मध्ये ‘द्रुपल’ या नावाने खुली केली. थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव आले आहे. पायथन भाषेत लिहिलेली प्लोन ही प्रणालीही याच काळातील. ज्ञानकोशासारख्या सामूहिक लेखनासाठी मीडियाविकी ही वेगळ्या प्रकारची प्रणाली विकसित झाली. तिची मूळ कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या विकी या स्थळाची होती.

परवाना व शाखाभेद : मुक्त प्रणालींपैकी बऱ्याच जणी जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली प्रसिद्ध झाल्या. या परवान्यान्वये कोणालाही मूळ आज्ञासंहिता वापरण्याचा, बदलण्याचा व त्याच अटींवर पुढे वितरित करण्याचा अधिकार मिळतो. या तरतुदीचे महत्त्व पुढील तीन घटनांवरून दिसून येते.

मिशेल वाल्द्रिघी यांनी २००१ मध्ये लिहिलेली बी-टू ही ब्लॉगलेखनाची प्रणाली काही काळाने सुधारणांवाचून पडून राहिली. तिचे वापरकर्ते मॅट मुलेनवेग व माइक लिट्ल यांनी परवान्याच्या आधारे तीच संहिता घेऊन पुढे वाढविली आणि २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. निर्माता थांबला, तरी प्रणाली थांबली नाही. दुसरी घटना मूव्हेबल टाइप या प्रणालीची. बेन व मेना ट्रॉट या दांपत्याने २००१ मध्ये काढलेली ही प्रणाली लोकप्रिय होती. तथापि तिचा परवाना मुक्त नव्हता. मे २००४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर लेखकांच्या व ब्लॉगांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या अटी जाहीर होताच अनेक वापरकर्ते नाराज झाले आणि वर्डप्रेसकडे वळले. मूव्हेबल टाइपचे मुक्त रूप २००७ मध्ये आले, पण गेलेले वापरकर्ते परतले नाहीत.

तिसरी घटना ऑस्ट्रेलियात उगम पावलेल्या मॅम्बो या प्रणालीची. मूळ कंपनीने स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाच्या रचनेवरून मतभेद होऊन ऑगस्ट २००५ मध्ये मुख्य विकासकांनी तिच्यापासून फारकत घेतली व ‘जूमला’ ही नवी प्रणाली काढली. स्वाहिली भाषेतील ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घेतले आहे. त्याचे मूळ अरबी असून जुन्या मराठी हिशेबांत बेरजेसाठी येणारा ‘जुमला’ हाही त्याच मुळाचा आहे. विकासकांबरोबर वापरकर्तेही गेले आणि मॅम्बो क्रमाने क्षीण झाली. प्रणाली म्हणजे केवळ संहिता नव्हे, तर ती जपणारा जनसमुदाय होय, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

सुरक्षा व आवृत्तिबदल : माहितीसंग्रहावर चालणारे संकेतस्थळ ही सतत चालू असलेली आज्ञावली असते; म्हणून तिच्यातील दोष बाहेरच्या व्यक्तीला आत शिरण्याची वाट देऊ शकतात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एक गंभीर दोष जाहीर झाला. त्याच दिवशी दुरुस्ती उपलब्ध झाली असली, तरी घोषणेनंतर सुमारे सात तासांत जी स्थळे दुरुस्त झाली नाहीत, ती बाधित झाली असे गृहीत धरावे, असा इशारा द्रुपलच्या सुरक्षा पथकाने पुढे दिला. भारतीय वेळेनुसार ही घोषणा रात्रीची होती. सकाळी कार्यालय उघडल्यावर दुरुस्ती करू म्हणणाऱ्यास वेळ उरलाच नव्हता. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ पासून लहान दुरुस्त्या आपोआप बसविण्याची सोय केली, तिचे कारण हेच होय. मूळ प्रणालीपेक्षा तिला जोडलेल्या पूरक आज्ञावल्यांत, ज्यांना व्यवहारात प्लगइन म्हणतात, असे दोष अधिक आढळतात. निरनिराळ्या लेखकांनी लिहिलेल्या या आज्ञावल्यांची देखभाल सारख्या दक्षतेने होत नाही. त्यामुळे प्रत्येक नवे प्लगइन ही एक सोय असते, तशीच एक जबाबदारीही असते.

मोठा आवृत्तिबदल ही दुसरी कसोटी होय. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली द्रुपलची आठवी आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहिलेली होती. सातव्या आवृत्तीवरील स्थळे तिच्यावर नेणे म्हणजे साचे व पूरक भाग पुन्हा रचणे होते. हा खर्च न पेलणाऱ्या संस्थांमुळे सातव्या आवृत्तीची मुदत अनेकदा वाढवावी लागली व अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. जुनी घडण पसंत असणाऱ्यांनी ‘बॅकड्रॉप’ ही वेगळी शाखा काढली. वर्डप्रेसच्या डिसेंबर २०१८ मधील पाचव्या आवृत्तीत संपादनाची पद्धत बदलली, तेव्हाही ‘क्लासिकप्रेस’ ही शाखा निघाली.

मुक्त परवान्याने सर्वच धोके टळतात, असे मात्र नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग यांची ऑटोमॅटिक ही कंपनी आणि वर्डप्रेसवरील स्थळांना जागा देणारी डब्ल्यूपी एंजिन ही कंपनी यांच्यात वाद उद्भवला व वर्डप्रेसच्या मध्यवर्ती वितरणस्थळाचा वापर दुसऱ्या कंपनीला बंद करण्यात आला. त्यामुळे तिच्या ग्राहकांना प्लगइनांच्या नव्या आवृत्त्या नेहमीच्या मार्गाने मिळेनात. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने अंतरिम आदेशाने हा वापर पूर्ववत करविला. संहिता मुक्त असूनही तिच्या वितरणाचा मार्ग एकाच हाती असू शकतो, हे या वादाने लक्षात आणून दिले. तोवर जगातील एकूण संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्थळे वर्डप्रेसवर असल्याने या प्रश्नाची व्याप्ती मोठी होती.

भाडेतत्त्वावरील सेवा : स्वतः प्रणाली बसविण्याऐवजी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिच्याच साधनांनी संकेतस्थळ चालविणे हा दुसरा मार्ग होय. ब्लॉगर (१९९९), स्क्वेअरस्पेस (२००४), विक्स (२००६) इ. सेवा या वर्गातील आहेत. त्यांत सुरक्षा, दुरुस्त्या व प्रती राखणे यांचा भार कंपनी उचलते. ज्या संस्थेत तांत्रिक मनुष्यबळ नाही, तिला हा लाभ मोठा असतो. मात्र स्थळाचे अस्तित्व कंपनीच्या इच्छेवर राहते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पृष्ठे विनामूल्य उभारली होती. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी जेवढा मजकूर उतरवून घेतला, तेवढाच पुढे उरला.

स्थिर पृष्ठांकडे पुनरागमन : २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी प्रसिद्ध केलेल्या जेकिल या साधनाने जुन्या पद्धतीला नवे रूप दिले. यात लेखन साध्या मजकूर-संचिकांत होते व साच्यांच्या साहाय्याने सर्व पृष्ठे एकदाच तयार करून सर्व्हरवर ठेवली जातात. माहितीसंग्रह नसल्याने सुरक्षेचा प्रश्न बराच सौम्य होतो आणि मजकूर कोठेही नेता येतो. याउलट, लेखकांना थोडे तांत्रिक शिक्षण आवश्यक असते. सर्नने २०१३ मध्ये आपले आद्य संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध केले, तेव्हा ती साधी पृष्ठे आधुनिक ब्राउझरवर विनासायास वाचता आली. आशय जितका साध्या स्वरूपात, तितका तो दीर्घायुषी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठी संकेतस्थळे : मराठीच्या बाबतीत प्रणालीच्या निवडीला लिपीच्या संकेतनाची जोड द्यावी लागते. १९९० च्या दशकात देवनागरी टंक बनविणारे आपापल्या सोयीने अक्षरखंडांना क्रमांक देत. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१ चे, तर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि संकेतस्थळांवर ही मानके रूढ होण्यास बराच काळ गेला. तोवर मराठी वृत्तपत्रांची स्थळे विशिष्ट टंक उतरवून घेतल्याशिवाय वाचता येत नसत व त्यांतील मजकुराचा शोधही घेता येत नसे. तो टंक मागे पडला की, साठविलेला मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक माळ होऊन बसे.

माहितीसंग्रहाची अडचण याहून सूक्ष्म होती. मायएसक्यूएलला युनिकोडचा आधार ४·१ या, २००४ मधील आवृत्तीपासून मिळाला. त्यानंतरही बरीच वर्षे तिचे गृहीत संकेतन पश्चिम युरोपीय लिपींचे होते. उभारणीच्या वेळी ते न बदलल्यास मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जात आणि मूळ मजकूर कायमचा नष्ट होई. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या शीर्षकापासून बनणारा पत्ता २०० चिन्हांपुरता मर्यादित असतो. देवनागरीतील प्रत्येक वर्ण वा स्वरचिन्ह त्यात नऊ चिन्हे व्यापत असल्याने सुमारे २२ वर्णचिन्हांनंतर मराठी पत्ता तुटतो. अकारविल्हे लावतानाही अडचण येते : युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर लगेच येते व ‘क्ष’ हे ‘क’ च्या जोडाक्षरांत पडते, मराठी कोशांत मात्र ळ, क्ष, ज्ञ ही शेवटी घेण्याचा प्रघात आहे. सूची, ग्रंथालय वा कोश यांच्या स्थळांना हा भेद आधीच तपासून घ्यावा लागतो.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळाने पुढे द्रुपलचा अवलंब केला. मराठी विकिपीडिया २००३ पासून मीडियाविकीवर वाढला आहे. शासकीय क्षेत्रात भारतीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. केंद्र शासनाची खुल्या माहितीची योजना २०१२ मध्ये द्रुपलवर आधारलेल्या प्रणालीने उभी राहिली व २०१५ मध्ये मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देणारे धोरण जाहीर झाले.

निवडीची तत्त्वे : वरील इतिहासातून काही तत्त्वे निष्पन्न होतात. प्रथम आशयाचे स्वरूप व देखभाल करणारे मनुष्यबळ यांचा विचार करावा. वर्षातून दोनचार वेळा बदलणाऱ्या दहा पृष्ठांसाठी माहितीसंग्रहाधिष्ठित प्रणाली अनावश्यक आहे. तेथे स्थिर पृष्ठे पुरतात. अनेक लेखक, नित्य नवे लेखन व संपादकीय तपासणी असेल, तर वर्डप्रेससारखी प्रणाली सोयीची पडते. परस्परसंबद्ध नोंदी, बहुभाषिक मजकूर व अधिकारांची गुंतागुंत असल्यास द्रुपल, टायपोथ्री यांसारख्या प्रणाली अधिक उपयुक्त ठरतात, परंतु त्यांना जाणकार माणूस कायम हवा. मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, याचा अर्थ संकेतस्थळ विनामूल्य चालते असा नव्हे. उभारणीच्या अंदाजपत्रकातच पुढील वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी.

दुसरे तत्त्व असे की, संपूर्ण आशय प्रमाणित स्वरूपात बाहेर काढून दाखविता येतो की नाही, हे करार करण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहावे. क्षेत्रनामाची नोंदणी संस्थेच्याच नावे असावी, कंत्राटदाराच्या नव्हे. राखीव प्रती वेगळ्या जागी ठेवाव्यात आणि त्यांपासून स्थळ पुन्हा उभे करून पाहावे. पृष्ठांचे पत्ते प्रणालीच्या नावावर अवलंबून नसावेत. पत्ते बदलू नयेत, असे प्रतिपादन बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच केले होते.

प्रणाली बदलणे ही अपयशाची खूण मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीय निवासाचे संकेतस्थळ २००९ मध्ये द्रुपलवर गेले व २०१७ मध्ये वर्डप्रेसवर आले. दरम्यानच्या कारकिर्दीतील पृष्ठे राष्ट्रीय अभिलेखागाराने गोठविलेल्या प्रतीच्या रूपात स्वतंत्र पत्त्यावर जतन केली. दहा-पंधरा वर्षांत प्रत्येक संस्थेवर असा प्रसंग येतोच. त्या वेळी मजकूर, चित्रे व पत्ते अखंड बरोबर नेता आले, तर मूळ निवड योग्य होती असे समजावे.